पिंडाजवळची सिगारेट

दादा, तुझ्या दहाव्याला मी घाटावर तमाशा केला. आपल्या नातेवाइकांपैकी कोणाला तरी तुला ते सांगायची फार घाई झाली असणार, म्हणून मीच आधी सांगून टाकते.

शिवनाथ नदीच्या काठावर पिंड मांडून तास होऊन गेला, तरी कावळा शिवेना. कावळे होते. समोरच्या बाभळीवर पाच-सहा बसले होते. एक तर खाली उतरला, दोन पावलं चालला आणि परत वर गेला. मग आपल्या लोकांचं नेहमीचं सुरू झालं. काकांनी हात जोडून पिंडाला सांगितलं, की सूनबाईला काही कमी पडू देणार नाही. मामेभावाने सांगितलं, की क्वार्टर सोडायची धावपळ आम्ही बघू, तू काळजी करू नको. कावळे आपले बाभळीवरच. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर आठवून पाहा.

तेव्हा साहू पुढे आला. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये आयुष्यभर तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस, त्याच्याइतकं तुला कोण ओळखणार? त्याने खिशातून एक सिगारेट काढली आणि पिंडाच्या बाजूला पत्रावळीवर ठेवली. माझ्याकडे वळून माफी मागितल्यासारखं म्हणाला, "दीदी, भइया एखर बिना कइसे जाही?" हिच्याशिवाय भैया जाईल कसा! त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो वाईट माणूस नाही.

मी ती सिगारेट उचलली, मधोमध मोडली आणि चपलेखाली चिरडली. "याच्यापायीच गेला ना तो! आता मेल्यावरही त्याले हेच देऊन राहिले का?" मी इतक्या जोरात ओरडले, की पलीकडच्या घाटावर दुसऱ्या कोणाचा दहावा चालला होता, ते लोकही वळून पाहायला लागले. काकांनी मला हाताला धरून बाजूला नेलं. कावळा आला नाहीच. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. तुझं शेवटचं कामही धड झालं नाही, दादा, तेही उरकावं लागलं.

हे सगळं मी घाटावरून परतायच्या आधी वहिनींपर्यंत पोचलं. संध्याकाळी मी त्यांच्या क्वार्टरवर गेले, तर त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि विचारलं, "शालूताई, साहूभाऊनं सिगारेट काहून ठेवली? त्यांनी तर सोडली होती ना? चार वर्षं झाले."

मी म्हटलं, "साहूले माहीत नसन, वहिनी."

बघ, तू जाऊन दहा दिवस झाले होते आणि मी अजून तुझ्यासाठी खोटं बोलत होते.

त्यानंतर तेरावं झालं. या तीन दिवसांत वहिनींनी पुन्हा विचारलं नाही, पण वाढताना, आवरताना, लोकांना निरोप देताना त्या मध्येच माझ्याकडे बघतात. रविवारी तुझी पोरगी त्यांना आपल्याबरोबर पुण्याला घेऊन जाते आहे. त्याआधी मला उत्तर द्यायचं आहे. काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक आहे. तोंडातून निघत नाही, म्हणून आधी तुझ्याशी भांडून घेते. तुझ्यामुळे ही पाळी आली आहे.

नंदिनी नगरला होतो तेव्हापासूनचं हे आहे. बाबा खाणीच्या ऑफिसात कारकून, तू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, मी सातवीत. क्वार्टरच्या मागे चुनखडीचे दगड रचलेले होते, त्यांच्या आडोशाला तू ओढायचास आणि मला कोपऱ्यावर उभी करायचास. "बाबा दिसले की खोकजो," एवढंच काम. बदल्यात लाल बोरं मिळायची. मी इतकी इमानदारीने खोकायचे, की आई मला अडुळशाचा काढा पाजायला लागली. कडू जहर! मी काढा प्यायले, पण तुझं नाव घेतलं नाही. ही गोष्ट तू पुढे प्रत्येक लग्नकार्यात हसत सांगायचास आणि मीही हसायचे. आता मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

तुझे उपकार मी विसरलेली नाही. बारावीनंतर बाबांनी माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली, तेव्हा तू आडवा पडलास. "तिले मशीन समजते, बाबा. तिले टेक्निशियनचा कोर्स करू द्या," असं तू म्हणालास, आणि त्याआधी वर्षभर मला रेषा वाचायला शिकवत होतास. तुझ्या इन्स्ट्रुमेंटेशन खात्यातल्या रेकॉर्डरच्या पेनने आखलेले, वापरून झालेले चार्ट तू घरी आणायचास. भट्टीचं तापमान, वाऱ्याचा दाब, सगळ्यांच्या रेषा एकाच कागदावर. त्या कागदांवर माझी गणितं व्हायची आणि पाठीमागून तू समजावायचास. भट्टी जिवंत असेल तर रेष थोडी थरथरतेच, वर होते, खाली होते, परत जागेवर येते. कुठेतरी कोणीतरी तिला आवरत असतं, म्हणून ती परत येते. आणि पट्टीने आखल्यासारखी सरळ रेष दिसली, तर खूश व्हायचं नाही, तर उठून पळायचं. "सरळ लाईन मंजे पेन अडकला. आतमध्ये काय चालू आहे ते आपल्याले दिसूनच नाही राहिलं." हे तुझं वाक्य मला इतकं पाठ होतं, की मी हॉस्पिटलात ईसीजीच्या खोलीत रुजू झाले तेव्हा नव्या मुलींना तेच शिकवलं.

आणि हे शिकवणारा माणूस माझ्या खोलीत येऊन काय बोलला, आठवतं?

चार वर्षांपूर्वी आमच्या हॉस्पिटलात शुगरच्या पेशंटसाठी एक तपासणी नव्याने सुरू झाली होती. पेशंटला आडवं करायचं, मिनिटभर सावकाश खोल श्वास घ्यायला लावायचा आणि ईसीजीची पट्टी काढायची. निरोगी माणसाचं हृदय श्वास आत घेताना थोडं जलद होतं, सोडताना थोडं सावकाश. हृदयाकडे दोन प्रकारच्या नसा जातात, एक त्याला पळवते, दुसरी आवरते. त्या दोघींची ओढाताण सतत चालू असते, म्हणून दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच हुबेहूब सारखं नसतं. तू माझी ड्यूटी संपायची वाट बघत बाकावर बसला होतास. सिव्हिक सेंटरला मिक्सर दुरुस्तीला टाकायला जायचं होतं आपल्याला. मी म्हटलं, ये, झोप इथे, नवीन सेटिंग बघू दे मला.

पट्टी निघाली. तू उठून बसलास, चष्मा लावलास आणि दोन ठोक्यांमधले बारीक चौकोन नखाने मोजायला लागलास. इकडे मोजलेस, तिकडे मोजलेस. सगळीकडे जवळजवळ सारखे. आणि तुझा चेहरा खुलला. "पाह्य शालू! एकदम घड्याळ! जरा म्हणून फरक नाही. भिलाईचं लोखंड हाय हे!" बाकावरच्या म्हाताऱ्या पेशंटलासुद्धा तू ती पट्टी दाखवलीस.

मी ती पट्टी परत तुझ्यासमोर धरली. मग विचारलं, "दादा, तुझ्या रेकॉर्डरवर असा पेन चालला असता, तर तू काय म्हटलं असतं?"

तू पट्टीकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस. चष्मा काढून खिशात ठेवलास. "अडकला म्हटलं असतं," तू म्हणालास, अगदी हळू.

तुझ्यासारख्या माणसाला फोड करून सांगायची गरज नव्हती, तरी डॉक्टरांनी सांगितली. सिगारेटचा प्रत्येक झुरका पळवणाऱ्या नसेला चाबूक मारतो. वर्षानुवर्षं हे चाललं, की आवरणारी नस हळूहळू गप्प बसते. मग हृदय ठोके देतं खरं, पण वेळप्रसंगी त्याला सांभाळणारं फारसं कोणी उरत नाही. ते असंही म्हणाले, की एका पट्टीवरून सगळं ठरत नाही, पुढच्या तपासण्या करू, पण सिगारेट आजच्या आज सोडा. तू मान डोलावलीस. मिक्सर विसरूनच गेलो आपण त्या दिवशी.

आणि तू सोडलीस! हे मी कबूल करते, कारण हे खरं आहे. वहिनींना तू काय सांगितलंस कोण जाणे, पण त्यांनी त्या दिवशी शिरा केला आणि शेजारीपाजारी वाटला. तू चिडचिड केलीस, भिंतीवर डोकं आपटायचं बाकी ठेवलंस, सौंफ खाऊन खाऊन जिभेची साल काढलीस. दोन महिन्यांनी मी तुला परत त्याच खाटेवर झोपवलं. पट्टी निघाली तशी तू ती माझ्या हातातून ओढून घेतलीस. चौकोन मोजलेस. श्वासाबरोबर अंतर कमी होत होतं, वाढत होतं. फार नाही, थोडं. पण होत होतं. "हलली बे! लाईन हलली!" तू इतका मोठ्याने ओरडलास, की शेजारच्या खोलीतून सिस्टर धावत आली. मला रडू आलं होतं. दादा, ती नस मेलेली नव्हती. ती वाट बघत होती. एवढ्याशा उपकारावर परत कामाला लागायला तयार होती बिचारी.

म्हणूनच तुझ्यावर माझा राग जास्त आहे. ज्याला ठाऊक नसतं त्याला माफ करता येतं. तुला ठाऊक होतं. तू स्वतःच्या डोळ्यांनी रेष मरताना पाहिलीस आणि परत जिवंत होताना पाहिलीस, आणि तरी भट्टीच्या मोठ्या रिपेअरचे दिवस आले, डबल ड्यूट्या लागल्या, आणि एका संध्याकाळी मरोद्याला माझ्या घरी येऊन गॅलरीत उभा राहून पेटवलीस. मी चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. तू वळलासुद्धा नाहीस. "फक्त इथंच पितो, शालू. बाहेर कुठंच नाही. वहिनीले सांगू नोको."

पुढची चार वर्षं तेच झालं. "फक्त इथंच" हेही खोटं होतं, ते साहूच्या खिशावरून कळलं.

आता माझ्या वाटणीचं सांगते. मी गप्प बसले ती काही तुझ्या भीतीने नाही. माझे हे गेल्यापासून माझ्या घरात संध्याकाळी कोणी बोलायला नव्हतं. तू पाच वाजता यायचास. गॅलरीत उभं राहून प्लांटच्या चिमण्यांकडे बघत धूर सोडायचास, कोणाची बदली झाली, कोण कोणाशी भांडलं ते सांगायचास. वहिनींचा फोन यायचा, "आले का तिकडे?" मी म्हणायचे, "हौ, इथंच आहे, चहा घेऊन राहिला." त्यात एक शब्द खोटा नसायचा. केवढी हुशार मी! तुझं गुपित माझ्याकडे होतं म्हणून तू माझ्याकडे येत होतास, आणि तू येत होतास म्हणून मला ते गुपित हवं होतं. हे लिहिताना माझा हात थांबला नाही, याचं मलाच आश्चर्य वाटतं.

आपलं शेवटचं भांडण तसंच राहिलं आहे. मी तुला म्हटलं, एकदा चल हॉस्पिटलात, परत पट्टी काढू. तू नाही म्हणालास. मी पुन्हा म्हटलं, तर उखडलास. "मी नाही झोपनार तुझ्या त्या मशीनवर. सारखं काय मोजून राहिली तू मले?" दादा, डायलवर फडकं टाकून ठेवलं म्हणून तू एका नव्या माणसाला आठवडाभर फैलावर घेतलं होतंस. आकडा बघायची भीती वाटते त्याने इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये येऊच नये, असं तूच म्हणायचास. आणि स्वतःची वेळ आली तेव्हा तू फडकं टाकलंस. काय निघेल ते तुला ठाऊक होतं, म्हणूनच तू झोपला नाहीस.

मी म्हटलं, "मग मी वहिनीले सांगते आज."

तू शांतपणे म्हणालास, "सांग. तिचं बीपी वाढन, काही झालं तर ते तुझ्या डोक्यावर."

हे तू बोललास. माझ्याच गॅलरीत उभा राहून, माझाच चहा पिऊन. आणि मी गप्प झाले! वर आणखी, निघताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालास, "टेन्शन नोको घेऊ यार. रिटायर होतो ना आता, त्या दिवशी सोडतो. पक्कं." तुझ्या रिटायरमेंटला सात महिने होते. तीन आठवड्यांनी सकाळी फिरायला म्हणून गेलास आणि रस्त्याच्या कडेला बसलास, ते उठला नाहीस. डॉक्टर म्हणाले, ठोके एकदम बिघडले असावेत, कळलंही नसेल त्यांना. लोक म्हणतात, किती छान मरण आलं, कोणाला त्रास दिला नाही. मला त्या लोकांच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

इथपर्यंत शुक्रवारी लिहिलं आणि ठेवून दिलं. पुढचं आज, रविवारी लिहिते आहे.

शनिवारी दुपारी मी गेले वहिनींकडे. त्या पुण्याला न्यायच्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. पोरगी बँकेत गेली होती. मी बसले नाही, उभ्यानेच बोलले, बसले असते तर जमलं नसतं.

"वहिनी, दादानं सोडली नव्हती."

त्यांचे हात थांबले नाहीत. "कधीपासून?"

"सोडल्यावर दोन-तीन महिन्यांतच."

"आन प्यायचे कुठं?"

"माझ्या घरी. गॅलरीत. मले समदं माहीत होतं."

मग मात्र त्यांनी हातातली साडी खाली ठेवली. मला वाटलं होतं रडतील, किंवा म्हणतील की मलाही संशय होताच. तसं काही झालं नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चार वर्षं मी सगळ्यांना सांगत राहिली, ताई. माझ्या माहेरी सांगितलं, शेजारी सांगितलं, की माझ्यासाठी सोडली त्यांनी. आयुष्यात एक गोष्ट माझ्यासाठी केली म्हणून मी बाकीचं किती सोडून दिलं, ते तुमाले नाही माहीत."

मी म्हटलं, "तुमचं बीपी वाढन म्हणून..."

"माझं बीपी माझं आहे." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मले भांडू द्यायचं होतं ना! घर डोक्यावर घेतलं असतं मी. जेवण बंद केलं असतं, पोरीले बोलावलं असतं, रस्त्यावर जाऊन त्यांच्या हातातून हिसकली असती. सोडली असती, नसती सोडली. पण बायको होती ना मी त्यांची? तुम्ही दोघं बहीण-भाऊ गॅलरीत चहा पीत बसले, आन मले माझं भांडणही करू नाही दिलं."

दादा, मी तुझ्यावर इतकी पानं संतापून लिहिली, पण यातलं एकही वाक्य मला सुचलं नव्हतं. मला वाटत होतं, तू आम्हा दोघींना फसवलंस. तसं नव्हतं. त्यांना आपण दोघांनी फसवलं.

आज सकाळी टॅक्सी आली. दुर्ग स्टेशनपर्यंत जायला मी निघाले होते, पण पोरगी म्हणाली, आत्या, तू राहू दे. म्हणजे तिलाही कळलं आहे. मी अंगणातच वहिनींच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले, गाडीत बसल्या आणि दार लावून घेतलं.

तुझं-त्यांचं काही बिनसलं, की तू मलाच पाठवायचास, "जा, तुझ्या वहिनीले समजाव." आणि मी जायचे, तुझी बाजू मांडायचे, त्यांना हसवून परत यायचे. आज तू असतास तरी मी गेले नसते. तू केलंस ते चूक होतं, मी केलं तेही चूक होतं, आणि वहिनींनी पाय मागे घेतले ते बरोबर केलं.